जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकायचाय? आधी एवढं करा

पहिल्या फ्लॅटमध्ये मी हॉलच्या छताला पीओपीची झकास डिझाइन करून घेतली आणि बाथरूममधले जुने जीआयचे (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप तसेच ठेवले. घर बघायला आलेल्या पहिल्याच काकांनी छताकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि थांबले. बरेच दिवस बंद असलेल्या पाइपातून आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं. "पाइप जुनेच ना?" एवढंच विचारून काका जिना उतरले. पीओपीला गेलेले पैसे अजून आठवतात.

तेव्हापासून मी हा उद्योग जरा शहाणपणाने करतो. पुढे लिहिलेलं सगळं पुण्याचं आहे: सहकारनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता, कोथरूड अशा भागांतल्या तीन-चार मजली, बहुतेक लिफ्ट नसलेल्या सोसायट्या आणि त्यातले दोन बेडरूमचे फ्लॅट. मुंबई-नाशिकला दर वेगळे असतील, पण अडचणी याच.

आधी उलटा हिशेब

नवखा माणूस फ्लॅटची किंमत ऐकतो, त्यात दुरुस्तीचा अंदाज मिळवतो आणि वर नफा धरतो. हिशेब शेवटाकडून करायचा असतो. त्याच सोसायटीत किंवा शेजारच्या सोसायटीत, त्याच मजल्याचा, चांगल्या स्थितीतला फ्लॅट खरोखर कितीला गेला, तिथून सुरुवात. जाहिरातीतला आकडा धरू नका, तो मागणीचा असतो. नोंदणी झालेल्या व्यवहाराचा आकडा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यात मिळतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करता येतो. अशा तीन-चार सूची हातात असल्याशिवाय एजंटला फोन करू नये.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. ६५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट ६० लाखांना मिळतोय आणि नीट केल्यावर ८२ लाखांना जाईल असं वाटतंय. वरवर पाहता २२ लाखांचा फरक. आता खर्च बघा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंट १ टक्का, ६० हजार. वकील २० हजार. सोसायटीचं हस्तांतरण प्रीमियम महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. घराची चावी हातात येईपर्यंत साडेपाच लाख गेले.

दुरुस्ती ८ लाख आणि तिच्यावर दहा टक्के गंगाजळी, म्हणजे ८ लाख ८० हजार. खरेदीपासून विक्रीपर्यंत आठ महिने धरले तर ४५ लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी २ लाख ७० हजार व्याज. मेंटेनन्स, वीज, मिळकतकर मिळून ४० हजार. विकताना परत एजंट, ८२ हजार. बेरीज होते सव्वाअठ्ठ्याहत्तर लाख. उरले पावणेचार लाख, आणि त्यावर कर अजून द्यायचाय. विक्री चार महिने लांबली तर त्यातलेही दीडएक लाख गेले.

आता उलटं करा. मला करापूर्वी किमान ८ लाख हवेत. बाकी सगळे आकडे तसेच ठेवून मागे आलं की खरेदीची कमाल किंमत निघते सुमारे ५६ लाख. म्हणजे ६० लाखांचा तो फ्लॅट माझ्यासाठी महागच. मालकाशी घासाघीस करताना मनात हाच आकडा हवा, "बघू, जमवू" नको. या धंद्यातला नफा खरेदीच्या दिवशी ठरतो. नंतर तुम्ही तो फक्त घालवू शकता.

हिशेबातल्या दोन खाचाखोचा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराची) किंमत यांपैकी जास्त असेल तिच्यावर लागतं. आणि रेडी रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त स्वस्तात घेतलंत, तर तो फरक आयकरात तुमचं उत्पन्न धरला जातो. त्यामुळे "फारच स्वस्त मिळाला" ऐकलं की आधी रेकनर उघडा. दुसरी खाच फायद्याची: घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. आमच्या घरात पुढचे व्यवहार बायकोच्या नावाने झाले, त्यामागे प्रेम किती आणि ६० हजार किती, हे विचारू नका.

कागद आधी, घर नंतर

जुन्या सोसायट्यांमधले बरेच फ्लॅट विक्रीला येतात ते आई-वडील गेल्यावर. एक मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूला, घराला दोन वर्षं कुलूप. अशी घरं आपल्या कामाची, कारण रंग उडालेला असतो आणि किंमत बोलता येते. पण इथेच नवखे अडकतात. शेअर सर्टिफिकेट वडिलांच्या नावावर आणि नॉमिनी धाकटा मुलगा, म्हणून धाकटा मुलगा मालक, असं होत नाही. नॉमिनी हा सोसायटीच्या सोयीसाठी. मालकी वारसांची, आणि सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागतं. "ताईचं काही म्हणणं नाही" हे वाक्य मी तीन वेळा ऐकलंय. तिन्ही वेळा ताईचं म्हणणं होतं.

विकणारा परदेशस्थ असेल तर आणखी एक गोष्ट. भारतात राहणाऱ्याकडून ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदाराने १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापलेला कर, भरायचा असतो. अनिवासी विक्रेत्याला हा १ टक्का लागू नाही. कपात कितीतरी मोठी असते आणि ती कापायची जबाबदारी तुमची. विसार देण्यापूर्वी सीएशी बोला, नंतर नाही.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीचे मालक कोण, घरावर बोजा आहे का, याचा शोध) घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. साखळीतले सगळे जुने करार मूळ प्रतीत आहेत का, ते बघा. मधलाच एक करार गहाळ असेल तर तुमच्या पुढच्या खरेदीदाराची बँक कर्ज अडवून धरेल. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर फिरलेल्या घराच्या वाटेलाही जाऊ नका. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय. भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि मंजूर नकाशाही मागा. जुन्या फ्लॅटमध्ये बाल्कनी आत घेतलेली असते, बँकेचा व्हॅल्युअर नकाशा घेऊन येतो आणि बरोबर तिथेच बोट ठेवतो.

म्हाडाच्या सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही. नवी मुंबईत सिडकोची जमीन बहुधा भाडेपट्ट्याची, तिथे हस्तांतरणाचे वेगळे पैसे. बँकेच्या लिलावातले फ्लॅट स्वस्त दिसतात, पण ते "जसे आहे तसे" विकले जातात. बोली लागली की लगेच २५ टक्के आणि विक्री कायम झाल्यापासून साधारण १५ दिवसांत उरलेले सगळे भरायचे. शिवाय बँकेकडे ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त कागदोपत्री, हे न बघता बोली लावणाऱ्याला घरात बसलेल्या माणसासकट घर मिळतं. पहिला फ्लॅट लिलावातून घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एक प्रश्न न विसरता विचारा: पुनर्विकासाचं काही चाललंय का? ठराव झालाय, बिल्डर येऊन गेलाय, अशी स्थिती असेल तर खरेदीदार जागेकडे बघतो, तुमच्या फरशीकडे नाही. तिथे ८ लाख घालणं म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणं. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल बघा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) अशा इमारतींचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. झालेलं नसेल, तर आणखी किंमत पाडून मागायला तुम्हाला कारण मिळालं.

घर बघायला जाताना

जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. उन्हाळ्यात ताजा रंग मारलेलं घर छान दिसतं, पावसाळ्यात ते खरं बोलतं. पितृपक्षात गेलात तर आणखी चांगलं, तेव्हा गिऱ्हाईक नसतं आणि मालक ऐकून घेतो.

खिशात मोबाइलची बॅटरी (टॉर्च), एक रुपयाचं नाणं आणि एक काचेची गोटी ठेवा. नाण्याने फरशीवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला तिथे खालचा माल सुटलाय. गोटी बाथरूमच्या दारात ठेवा. ती जाळीकडे घरंगळली तर उतार बरोबर, दाराकडे आली तर आख्खी फरशी निघणार. बॅटरी भिंतीला समांतर धरली की फुगवटे आणि बुजवलेल्या भेगा सावलीसकट दिसतात. बाथरूमच्या भिंतीची पलीकडची बाजू, म्हणजे बहुधा बेडरूमची भिंत, खालून दोन फुटांपर्यंत हाताने चाचपा. तिथे रंगाचे पोपडे किंवा पांढरी भुकटी दिसली तर आत पाणी मुरतंय. बीम-कॉलमला उभ्या भेगा आणि गंजाचे तपकिरी डाग दिसले तर मी पुढे बोलतच नाही. रंगाने झाकायची ती गोष्ट नव्हे, आणि झाकून विकायची तर अजिबात नाही.

मीटरच्या पेटीत डोकवा. पोर्सेलिनचे फ्यूज दिसले तर वायरिंग बदलायचं आहेच, हिशेबात धरा.

मग वरच्या मजल्यावर जा. हे कुणी सांगत नाही. माझ्या दुसऱ्या फ्लॅटला रंगाचा शेवटचा हात मारून झाला आणि आठ दिवसांत बाथरूमबाहेरच्या छताला ताटाएवढा पिवळा डाग आला. पाणी वरच्या काकूंच्या बाथरूममधून येत होतं. काकू म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे तर काहीच गळत नाही!" खरंच होतं, त्यांच्याकडे गळत नव्हतंच. उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या संडास-मोरीच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा आणि गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा सोसायटीचा. पण नियम दाखवून काकूंचं बाथरूम उघडायला लावण्यात दोन महिने जाणार, आणि दोन महिन्यांचं व्याज मी भरणार. शेवटी त्यांच्या फरशीच्या सांध्यांचं आणि जाळीचं काम मीच माझ्या खर्चाने करून दिलं. आता विसाराआधीच वर जाऊन चहा पिऊन येतो.

पैसा कुठे घालायचा

माझा क्रम असा: पाणी, वीज, स्वयंपाकघर, खिडक्या, रंग. बाकीचं उरलं तर.

बाथरूम पूर्ण उघडा, अर्धवट नको. फरशी काढून, जुनी भरणी उपसून, खालच्या स्लॅबपर्यंत जा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचऱ्याचं तोंड बंद करून पाणी भरा आणि किमान ४८ तास तसंच ठेवा. पातळीवर पेन्सिलची रेघ मारा, फोटो काढा आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर डोळा ठेवा. मिस्त्री म्हणेल, "साहेब, काय गरज नाय, पंधरा वर्षांची गॅरंटी." पाणी भरल्याशिवाय टाइल लावायची नाही. नळाच्या लाइनी सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) टाका आणि भिंत बुजवण्याआधी पंपाने दाब देऊन तपासा. एक जोड ढिला राहिला तर नंतर तो शोधायला नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

विजेत तांब्याची आयएसआय वायर, गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारं बटण) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसण्याआधी वीज तोडणारी). स्वयंपाकघरात प्लग कमी ठेवू नका. मिक्सर, मायक्रोवेव्ह, फ्रिज, पाण्याचा फिल्टर आणि घरघंटी यांची जागा बायका आल्या आल्या मोजतात.

ओट्याचा कडाप्पा चांगला असेल तरी ग्रॅनाइट टाका, इथे कंजुषी दिसते. ट्रॉल्या मध्यम प्रतीच्या चालतील, पण त्यांच्या सरकपट्ट्या चांगल्या घ्या, कारण येणारा प्रत्येक जण एक तरी ट्रॉली ओढून बघतोच. कोरड्या बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ, निचरा आणि प्लग द्या. कपडे वाळत घालायची दोरी-कप्पीसुद्धा लावा. दोन-तीन हजारांची वस्तू, पण "इथे राहता येईल" हे तीच सांगते. देवघरासाठी पूर्वेकडे एक कोनाडा आणि दिव्याचा पॉइंट ठेवा.

जुन्या मोझॅकवर दोन बाय दोनच्या टाइल्स चिकटवून तोडफोड वाचते, पण जमीन वर येते. दारं खालून तासावी लागतात, बाथरूमचा उंबरठा बुटका होतो आणि पाणी बाहेर येतं. पोकळ आवाज आला नसेल आणि बाथरूमचा उंबरठा उंच करता येत असेल तरच हे करा.

खोट्या छताला, भिंतीवरच्या दगडी पट्ट्यांना, भपकेबाज झुंबरांना पैसे नको. कपाटंही मोजकीच. पुढच्या माणसाला त्याची स्वतःची आवड असते आणि तुमच्या जांभळ्या लॅमिनेटचे तो पैसे देत नाही. रंग फिकट, सगळीकडे एकच.

भिंत पाडायची हौस आली तर आधी इंजिनिअर. आरसीसी सांगाड्यातली साडेचार इंची आतली भिंत बहुधा भार घेत नाही, पण जुन्या भारवाही बांधकामात नऊ इंची भिंतीवर वरचा मजला उभा असतो. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या जागांची अदलाबदल तर नकोच. खालच्या घराच्या देव्हाऱ्यावर तुमचा संडास आला की सोसायटीत तुम्हाला कुणी पाणी विचारणार नाही.

माणसं आणि क्रम

काम दोन तऱ्हेने देता येतं: मालासकट उक्तं, किंवा माल तुमचा आणि मजुरी त्यांची. पहिल्यांदा करताना मजुरीवर द्या. दगदग होते, पण वायर कुठली आणि सिमेंट किती हे तुम्हाला कळतं. प्लॅस्टरचा दर ब्रासवर असतो, म्हणजे १०० चौरस फूट. रंगाचा दर चौरस फुटावर, पण भिंतीच्या चौरस फुटावर! छतासकट भिंतींचं क्षेत्र कार्पेटच्या तीन-साडेतीन पट भरतं. ६५० फुटांच्या घरात दोन हजार फूट रंग निघाला तर रंगाऱ्याने फसवलं असं समजू नका. मोजमाप मात्र त्याच्यासोबत टेप धरून करा, आणि दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही ते आधी ठरवा.

क्रम: तोडफोड, मग नळ आणि वायरसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा), प्लॅस्टर, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून तपासणी, फरशी, ओटा, लांबी (पुट्टी) आणि रंगाचा पहिला हात, सुतार, नळ आणि दिवे, शेवटी रंगाचा दुसरा हात. सुतार आणि रंगारी एकाच दिवशी बोलावलेत तर ओल्या रंगावर भुसा बसणार. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा.

पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. माझ्या एका कॉन्ट्रॅक्टरने गणपतीला जातो म्हणून निम्मे पैसे घेतले आणि तो दसऱ्यानंतर उगवला. तेव्हापासून कोकणातल्या माणसांचं वेळापत्रक मी गणपती आणि शिमगा बघूनच आखतो. काम सुरू होण्यापूर्वी सोसायटीला पत्र द्या, कामाच्या वेळा आणि अनामत विचारा, राडारोडा कुठे टाकायचा ते ठरवा. जिन्यात सिमेंटचं एक पोतं फुटलं आणि पुसलं नाही, तर सगळी सोसायटी घर बघायला येणाऱ्याला ते सांगते.

विकताना

गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया आणि दसरा ते दिवाळी, हे दोन हंगाम. मुलांच्या शाळेमुळे एप्रिल-मेमध्ये घर बघणारे जास्त. त्यामुळे काम निदान पाडव्याच्या आधी महिनाभर संपायला हवं. दक्षिणेकडे तोंड असलेला दरवाजा विकायला वेळ लागतो. तुमचा वास्तुशास्त्रावर विश्वास असो-नसो, खरेदीदाराचा असतो, आणि तो वेळ खरेदीच्या किमतीतून आधीच वसूल करायचा.

घर बघायला येणाऱ्यासमोर मी एक फाइल ठेवतो: कागदपत्रांच्या झेरॉक्स, झिऱ्यांचे फोटो, पाणी भरलेल्या बाथरूमचा पेन्सिलच्या रेघेसकट फोटो, वायर आणि पाइपची बिलं. काय दुरुस्त केलं आणि काय तसंच ठेवलं, याची यादीही. दुसरा फ्लॅट घेणाऱ्या बाईंनी ही फाइल अर्धा तास वाचली आणि किमतीत फक्त पन्नास हजार कमी मागितले.

तीच बिलं कराच्या वेळीही लागतात. घर २४ महिन्यांच्या आत विकलं तर भांडवली नफा अल्पकालीन धरला जातो आणि तुमच्या नेहमीच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. त्यानंतर विकलं तर दीर्घकालीन, १२.५ टक्के. घरात कायमची सुधारणा करणारा खर्च खरेदी किमतीत मिळवता येतो, नुसत्या किरकोळ डागडुजीचा नाही; त्यासाठी पक्की बिलं हवीत आणि पैसे बँकेतून दिलेले असले तर बरं. दुसऱ्या घरात पैसे गुंतवून कर वाचवायची सवलत दीर्घकालीन नफ्यालाच आहे. आणि वर्षाला असे एक-दोन व्यवहार व्हायला लागले की आयकर खातं याला धंदा म्हणू शकतं, मग हिशेबाची तऱ्हाच बदलते. विक्रीत २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही; "थोडे काळे, थोडे पांढरे" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. गृहकर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही, म्हणून कर्ज घेताना तेच घ्या.

खरेदीदाराची बँक कागद तपासायला तीन-चार आठवडे घेते. साठेखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) मुदत लिहिताना ते धरा, आणि पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय चावी देऊ नका. "फक्त पूजेपुरती" म्हणून मागितली तरी. सत्यनारायण तुमच्या समोर करू द्या आणि प्रसाद घेऊन कुलूप तुम्हीच लावा.